१५ शब्दांची भाषा, नवरा-बायकोची जोडी आणि पत्त्यांच्या टेबलावरून साम्राज्य उभं करणारा एली कल्बर्टसन

१९३१ चा डिसेंबर महिना. अमेरिकेत महामंदीने थैमान घातलं होतं. बँका बुडत होत्या, माणसं कामासाठी आणि फुकटच्या जेवणासाठी रांगा लावत होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतली मोठमोठी वर्तमानपत्रं पहिल्या पानावर एक भलतीच बातमी छापत होती.

न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलमध्ये चार माणसं पत्ते खेळत होती, त्याची ही बातमी.

खेळाच्या खोलीत पडदा लावलेला होता आणि त्याच्या फटीतून पत्रकार आळीपाळीने डोकावत होते. पंच म्हणून अमेरिकन सैन्यातला एक लेफ्टनंट बसला होता. त्याचं नाव आल्फ्रेड ग्रुएन्थर. हाच माणूस पुढे जनरल झाला आणि नाटोच्या युरोपातल्या फौजांचा सरसेनापतीही झाला. पण तेव्हा त्याचं काम एकच होतं, पत्ते खेळणाऱ्यांवर लक्ष ठेवणं.

टेबलाच्या एका बाजूला सिडनी लेन्झ आणि ऑस्वाल्ड जेकोबी. दुसऱ्या बाजूला एली कल्बर्टसन आणि त्याची बायको जोसेफिन. एकूण १५० रबर खेळायचे होते. एलीने आपल्या विजयावर ५,००० डॉलर लावले होते, समोर लेन्झने फक्त १,०००. पैसे कुणाच्या खिशात जाणार नव्हते, ते जाणार होते धर्मादाय कामाला.

मग एवढा गाजावाजा कशासाठी? तर समोरासमोर बसलेल्या दोन भिडूंनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे या लढतीत ठरणार होतं.

आता ही भानगड समजून घ्यायची तर आधी ब्रिज थोडं समजून घ्यावं लागेल.

मेंढीकोट खेळला असाल तर निम्मं काम झालं. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघं भिडू, ५२ पत्ते, प्रत्येकाला १३. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो. असे एकूण १३ हात. फरक एवढाच की ब्रिजमध्ये खेळ सुरू होण्याआधी लिलाव होतो. हुकूम कोणता आणि किती हात करणार, याची बोली लागते. पहिले सहा हात गृहीत धरलेले असतात. म्हणजे '१ इस्पिक' म्हटलं की इस्पिक हुकूम आणि सात हात करायचे. '४ इस्पिक' म्हणजे दहा हात. सर्वात वरची बोली लावणारी जोडी सौदा घेते. बोललेले हात झाले तर गुण मिळतात, नाही झाले तर दंड बसतो.

गावाकडे पत्ते खेळताना भिडूला डोळा मारणं, खाकरणं, पान जोरात आपटणं असे प्रकार चालतात. ब्रिजमध्ये ही सरळ लबाडी. भिडूला काही सांगायचं असेल तर ते फक्त बोलीतूनच सांगता येतं.

आणि बोलीसाठी शब्द आहेत फक्त १५. एक ते सात हे आकडे, चार रंग, बिनहुकमी, आणि पास, डबल, रिडबल. बस्स. तुमच्या हातात १३ पानं कशी आहेत, किती एक्के-राजे आहेत, कोणता रंग लांब आहे, हे सगळं या १५ शब्दांत मावायला हवं. त्यात समोरची जोडीही मध्ये बोलत असते आणि तुमची जागा खात असते.

म्हणून दोन भिडूंना आधीच ठरवावं लागतं की अमुक बोलीचा अर्थ तमुक. या ठरवाठरवीला अमेरिकेत घरोघर पोहोचवण्याचं काम ज्याने सगळ्यात जोरात केलं, तो म्हणजे एली कल्बर्टसन.

एलीचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रोमानियातला. वडील आल्मन कल्बर्टसन अमेरिकन खाण इंजिनियर. आई झेनिया रशियन, कोसॅक घराण्यातली. त्यामुळे पोरगं अमेरिकन नागरिक, पण वाढलं रशियात आणि युरोपात. पॅरिस आणि जिनिव्हा इथे त्याचं शिक्षण झालं. रशियन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा कितीतरी भाषा तो सहज बोलायचा.

तरुणपणी आपण क्रांतिकारकांत वावरलो, तुरुंगात गेलो, अशा बऱ्याच गोष्टी त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिल्या. त्यातल्या अनेकांना साक्षीदार तो एकटाच. पण एक गोष्ट पक्की आहे. १९१७ ची रशियन राज्यक्रांती झाली आणि तिथली घरची संपत्ती गेली. हातात काही उरलं नाही तेव्हा या शिकलेल्या, बहुभाषिक तरुणाने पत्ते हाती धरले. पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत तो पत्त्यांवर पोट भरू लागला.

१९२१ मध्ये तो अमेरिकेत आला. इथे त्याला भेटली जोसेफिन.

जोसेफिन न्यूयॉर्कमध्ये ब्रिज शिकवायची. त्या काळात बड्या पुरुष खेळाडूंच्या टेबलावर बाईला बरोबरीचं स्थान मिळणं सोपं नव्हतं. जोसेफिनने ते मिळवलं होतं. तिचा खेळ शांत, नेमका. एली नेमका उलटा. बोलघेवडा, भपकेबाज, सतत काहीतरी नवीन डोक्यात. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि टेबलावरही ते भिडू झाले.

तेव्हा अमेरिकेत ऑक्शन ब्रिज चालायचं. त्यात जेवढे हात झाले तेवढे सगळे मोजले जायचे, त्यामुळे फार वर बोलायची गरज नसायची. १९२५ च्या शरद ऋतूत हॅरोल्ड व्हँडरबिल्ट नावाचा धनाढ्य माणूस पनामा कालव्यातून जाणाऱ्या 'फिनलंड' जहाजावर होता. प्रवासात त्याने मित्रांबरोबर नवी गुणपद्धत खेळून बघितली. नियम साधा होता. गेम किंवा स्लॅमचे मोठे गुण हवे असतील तर तेवढी बोली आधी लावली पाहिजे. हाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज.

या एका बदलाने बोलीला सोन्याचा भाव आला. कारण दोघांच्या पानांत मिळून दहा हात आहेत की आठ, हे खेळाआधीच कळलं पाहिजे. कमी बोललात तर गुण गेले, जास्त बोललात तर दंड बसला.

आता अमेरिकेत लाखो लोकांना नवा खेळ शिकायचा होता आणि त्यांच्याकडे त्याची भाषा नव्हती. एलीने ही संधी ओळखली.

ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने 'द ब्रिज वर्ल्ड' हे मासिक सुरू केलं. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. पण मासिक बुडालं नाही. उलट मंदीत लोकांकडे बाहेर जायला पैसे नव्हते आणि पत्त्यांचा एक जोड घेतला की चार माणसांची संध्याकाळ स्वस्तात निघायची. १९३० मध्ये त्याचं 'ब्लू बुक' आलं आणि ते तुफान खपलं. मग वर्तमानपत्रांतली सदरं आली, रेडिओ आला, व्याख्यानं आली, त्याची पद्धत शिकवणाऱ्या शिक्षकांचं देशभर जाळं तयार झालं.

त्या पद्धतीत नेमकं होतं काय?

पहिली गोष्ट, पानांची किंमत मोजायचं माप. एकाच रंगाचे एक्का-राजा असतील तर दोन, एक्का-राणी असेल तर दीड, नुसता एक्का किंवा राजा-राणी असेल तर एक. त्याला तो ऑनर ट्रिक म्हणायचा. पहिली बोली लावायची तर साधारण अडीचचा माल हवा. म्हणजे भिडूने '१ इस्पिक' म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं, याच्याकडे एवढं तरी आहे.

दुसरी गोष्ट, फोर्सिंग. काही बोली अशा की त्यावर भिडूने पास म्हणायचंच नाही, पानं कितीही भिकार असोत. दोनच्या पातळीवर रंगाने सुरुवात केली की गेम होईपर्यंत दोघांनी थांबायचं नाही. का? तर दमदार पानं असलेल्याला हळूहळू, बारकाईने बोलता यावं म्हणून. भिडू मध्येच सोडून जाणार नाही याची खात्री असेल तरच माणूस सावकाश बोलतो.

पण खरी कसोटी लागते दोन्ही जोड्या बोलीत उतरल्यावर. समोरच्यांनी आधी सुरुवात केली की तुमच्या भाषेतले स्वस्तातले शब्द संपलेले असतात. तेव्हा काय करायचं?

एक उदाहरण बघा. तुमच्या उजवीकडच्याने '१ बदाम' म्हटलं. तुमच्याकडे बदामचं एकच पान आहे. इस्पिक, चौकट आणि किलवर मात्र चार-चार, आणि एक्के-राजे भरपूर. कोणता रंग बोलणार? कुठलाही बोललात तरी भिडूकडे नेमका तोच नसेल तर फसलात.

'डबल' या शब्दाचा मूळ अर्थ असा की तुमचा सौदा बुडणार आहे, त्यामुळे दंड दुप्पट करा. पण सात हातांचा सौदा दंड वसूल करण्याएवढा क्वचितच बुडतो. म्हणजे खालच्या पातळीवर हा शब्द तसा वायाच जात होता. तेव्हा ऑक्शन ब्रिजच्याच काळात काही डोकेबाज खेळाडूंनी त्याला दुसरा अर्थ दिला. खालच्या पातळीवरचा डबल म्हणजे माझ्याकडे ताकद आहे, त्यांच्या रंगात मी आखूड आहे, बाकीच्या रंगांपैकी तुझा चांगला रंग तू सांग. याला टेकआऊट डबल म्हणतात. एलीने आपल्या पुस्तकांतून असे संकेत नीट मांडणी करून, कधी आणि किती मालावर वापरायचे हे सांगत, सामान्य माणसापर्यंत नेले.

आता हे दोघांपैकी एकालाच माहीत असेल तर काय होतं? भिडूकडे चार छोटी इस्पिकं आहेत, बाकी कचरा. तो विचार करतो, याने दंडासाठी डबल केलंय, आपण गप्प बसू. तो पास म्हणतो. समोरचे आरामात आठ-नऊ हात करतात आणि दुप्पट गुण घेऊन जातात. पानं तीच, फक्त एका शब्दाचे दोन अर्थ निघाले.

दुसरा प्रश्न समोरच्यांच्या बोलीवर आपला रंग बोलण्याचा. याला ओव्हरकॉल म्हणतात. इथे एलीचा 'दोन आणि तीन'चा नियम प्रसिद्ध झाला. आधीच एक गेम जिंकलेली बाजू जास्त दंड भरते, तिला व्हल्नरेबल म्हणतात. अशा वेळी आपल्या पानांत दिसणाऱ्या हातांपेक्षा फार तर दोन हात जास्त बोलायचे. तसं नसेल तर तीन. याचा फायदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त. भिडूने किती हात उधारीवर बोलले आहेत हे त्याला माहीत असतं, त्यामुळे आपली पानं त्यात किती भर घालतात हे तो शांतपणे मोजू शकतो.

तिसरं उदाहरण एलीच्या संघातल्या थिओडोर लाइटनरचं. समोरच्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने स्लॅम बोलली, म्हणजे १२ किंवा १३ हात. अशा सौद्याला दंडासाठी डबल करून फारसं काही मिळत नाही. म्हणून लाइटनरने ठरवलं, अशा वेळी उतारी ज्याची नाही त्याने डबल केलं की त्याचा अर्थ नेहमीची उतारी करू नकोस, वेगळी कर. बऱ्याचदा डबल करणाऱ्याकडे एखाद्या रंगाचं एकही पान नसतं. पहिल्याच हाताला तो हुकूम मारतो आणि स्लॅम कोसळते. हा लाइटनर डबल आजही जगभर खेळला जातो.

अर्थात हे सगळ्यांना पटत नव्हतं. इंग्लंडमधल्या लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर याचं मत होतं की या संकेतांची काही गरज नाही, सरळ जे वाटतं ते बोलावं. एली १९३० मध्ये आपला संघ घेऊन लंडनला गेला. २०० डाव झाले. दोन्ही संघांना तीच पानं खेळायला मिळत होती, त्यामुळे नशिबाला वाव कमी. अमेरिकन संघ ४,८४५ गुणांनी जिंकला. या विजयाने एलीच्या पुस्तकाची जाहिरात आपोआप झाली.

या खेळात भिडूवरचा विश्वास किती नाजूक असतो, याची एक भयंकर घटना त्याआधी वर्षभर घडून गेली होती. २९ सप्टेंबर १९२९, कॅन्सस सिटी. जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपं शेजारच्या जोडप्याबरोबर ब्रिज खेळत होतं. जॉनने इस्पिक बोललं, शेजाऱ्याने मध्ये चौकट बोललं आणि मर्टलने थेट ४ इस्पिक. जॉनला ते हात झाले नाहीत. भांडण पेटलं, जॉनने बायकोवर हात उगारला आणि मर्टलने पिस्तुलाने त्याला गोळ्या घातल्या. खटला गाजला आणि १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली.

नंतर या डावाची पानं म्हणून जी छापली गेली, ती कितपत खरी याबद्दल शंका आहेच. पण एलीने त्यांचं विश्लेषण केलं आणि त्याचा निष्कर्ष असा होता की जॉनने आपल्या पानांपेक्षा जास्त बोललं होतं. थोडक्यात, मर्टलने ४ इस्पिक म्हटलं ते नवऱ्याच्या पहिल्या बोलीवर विश्वास ठेवून. ती बोलीच पोकळ होती. एका माणसाचा जीव गेलेल्या या प्रकरणाचाही एलीने प्रसिद्धीसाठी पुरेपूर वापर केला, हेही तितकंच खरं. तो तसाच होता.

आता या सगळ्या यशाने न्यूयॉर्कचे जुने दिग्गज चिडले होते. १९३१ मध्ये अशा बारा तज्ज्ञांनी एकत्र येऊन 'ऑफिशियल सिस्टीम' नावाची वेगळी पद्धत जाहीर केली. एलीच्या धंद्यालाच हे आव्हान होतं. त्याने आव्हान उलटवलं आणि सिडनी लेन्झला टेबलावर बोलावलं. त्यातून उभी राहिली ती चॅथम हॉटेलमधली लढत.

लेन्झ म्हणजे त्या काळातला मोठा खेळाडू आणि हौशी जादूगार. त्याचा भिडू जेकोबी २९ वर्षांचा, गणितात तरबेज, विलक्षण हुशार. नुसत्या खेळाचं कौशल्य मोजलं असतं तर ही जोडी कुठेच कमी नव्हती. सुरुवातीला पुढेही तीच होती.

पण एक अडचण होती. जेकोबीला सायकिक बोली आवडायची. म्हणजे हातात नसलेली पानं असल्याची बतावणी करून बोलायचं आणि समोरच्यांना चकवायचं. ब्रिजमध्ये ही बेकायदा गोष्ट नाही. पण अडचण अशी की थाप समोरच्यांना मारली तरी ती भिडूलाही ऐकू येते. मध्ये समोरच्यांची बोली आलेली असताना जेकोबीने एखादा रंग बोलला, तर तो खरा की खोटा? लेन्झला हे कळायला मार्ग नव्हता. खरा मानून तो वर बोलला तर दंड. खोटा मानून गप्प बसला तर हातातली गेम गेली.

एकदा हा संशय शिरला की मग खऱ्या बोलीचीही किंमत उरत नाही. लेन्झ वैतागू लागला. भिडूच्या खेळावर तो उघडपणे टीका करू लागला. आणि १०३ रबर झाल्यावर जेकोबीने चक्क टेबल सोडलं. उरलेले ४७ रबर लेन्झ कमांडर विन्फील्ड लिगेट याच्यासोबत खेळला.

पलीकडे एली आणि जोसेफिन. एली काही साधा खेळाडू नव्हता. उशीर करून ताटकळत ठेवणं, समोरच्याला डिवचणं, सगळं तो करायचा. पण जोसेफिन आपल्या पद्धतीला चिकटून राहिली. ती जे बोलायची ते तिच्याकडे असायचं. काही रबर एली लाइटनर आणि इतरांसोबत खेळला, तेही हीच भाषा बोलणारे.

८ जानेवारी १९३२ ला वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलमध्ये लढत संपली. कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी जिंकली.

आता कुणी म्हणेल, पानं चांगली आली असतील. तर त्याचाही हिशोब ठेवला गेला होता. एकूण ८७९ डाव झाले. त्यात एक्के वाटले गेले ३,५१६. एका बाजूला १,७७१ आणि दुसऱ्या बाजूला १,७४५. जवळपास सारखेच. रबरही एकतर्फी नव्हते, कल्बर्टसनकडे ७७ आणि लेन्झकडे ७३.

दोन पद्धतींमध्येही खरंतर फार मोठा फरक नव्हता. फरक होता तो आपल्या भिडूचा शब्द खरा मानता येण्यात. एलीने मात्र दुनियेला सांगितलं की आपली पद्धत जिंकली. दुनियेनेही मानलं. पुस्तकं, मासिक, पत्ते, वर्ग, सगळ्याचा खप वाढला. १९३३ मध्ये लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्याच्या संघाने इंग्लंडला पुन्हा हरवलं.

साम्राज्य उभं राहिलं, पण त्याच्या आतली जोडी उसवत होती.

१९३७ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. एली आणि जोसेफिन तिथेही एकाच संघात होते. पण ऑस्ट्रियाच्या संघाने त्यांना हरवलं. पॉल स्टर्नच्या या संघाकडे स्वतःची व्हिएन्ना पद्धत होती, बारकाईने ठरवलेली. म्हणजे एलीने ज्या हत्याराने बुलरला हरवलं होतं, त्याच हत्याराने आता त्याला कुणीतरी हरवलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, एली आणि जोसेफिनचा घटस्फोट झाला. ब्रिजमधली अमेरिकेची सर्वात गाजलेली जोडी वेगळी झाली. धंद्यातलं नातं मात्र त्यांनी तोडलं नाही.

यानंतर एलीचं ब्रिजवरून मन उडालं. युरोपात युद्धाचे ढग जमले होते आणि त्याला आता वेगळाच ध्यास लागला. जगातल्या देशांनी मिळून एक संघराज्य करावं. प्रत्येक देशाच्या सैन्याचा वाटा ठरलेला असावा आणि एक आंतरराष्ट्रीय फौज असावी, म्हणजे कुणा एकाला जगावर चढाई करता येणार नाही. १९४३ मध्ये 'टोटल पीस' हे पुस्तक लिहून त्याने ही योजना मांडली. पुढची कित्येक वर्षं तो भाषणं देत, नेत्यांना भेटत, पैसा ओतत फिरला.

एकमेकांवर विश्वास नसलेल्यांनी आधीच नियम ठरवून घ्यावेत, हा त्याचा जुनाच विचार होता. टेबलावर तो चालला. पण देशांनी काही त्याची योजना स्वीकारली नाही.

इकडे ब्रिजही त्याला मागे टाकून पुढे गेलं. १९४९ मध्ये चार्ल्स गोरेनने एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ अशी सोपी मोजणी लोकप्रिय केली. बघता बघता ऑनर ट्रिक मागे पडली. एके काळी ज्याचं नाव म्हणजेच ब्रिज होतं, तो माणूस हयात असतानाच खेळाची भाषा बदलली.

२७ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ब्रॅटलबरो इथे एलीचं निधन झालं. वय ६४. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च १९५६ मध्ये जोसेफिनही गेली. १९६४ मध्ये ब्रिजचं हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या तीन नावांत एली होता. सोबत व्हँडरबिल्ट आणि गोरेन.

मग त्याच्या पद्धतीतलं आज उरलंय काय?

बरेचसे अर्थ बदलले आहेत. एलीच्या काळात समोरच्यांच्या बोलीवर एक पायरी सोडून उडी मारली तर ती ताकदीची खूण होती. आज बहुतेक जोड्या तीच बोली पानं कमजोर पण रंग लांब असेल तेव्हा वापरतात, समोरच्यांची जागा खायला. १९५७ मध्ये आल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन यांनी डबलला आणखी एक अर्थ दिला. भिडूने सुरुवात केली, समोरच्यांनी मध्ये रंग बोलला आणि मग तुम्ही डबल केलं तर तोही दंडासाठी नाही, तर न बोललेले रंग आहेत हे सांगण्यासाठी. त्याच वर्षी रशियाने उपग्रह सोडला होता, म्हणून याला स्पुटनिक डबल म्हटलं जाऊ लागलं.

पण दोन गोष्टी तशाच आहेत. एक म्हणजे ठरलेले अर्थ दोन्ही भिडूंना सारखेच माहीत हवेत. आणि दुसरी, ते समोरच्या जोडीपासून लपवता येत नाहीत. स्पर्धेत प्रत्येक जोडी आपल्या संकेतांचं कार्ड भरून टेबलावर ठेवते आणि विचारलं तर अर्थ सांगावा लागतो. गुप्त संकेत ठेवणं म्हणजे लबाडी. मोठ्या स्पर्धांमध्ये आता भिडूंच्या मध्ये पडदा असतो आणि तोंडाने बोलायच्या ऐवजी बोलीची छापील कार्डं पुढे करतात, म्हणजे आवाजाच्या चढउतारातूनही काही कळू नये. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ दे सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्ण जिंकून दिलं, तेही अशाच नियमांत.

तुम्ही कधी नव्या भिडूबरोबर ब्रिजला बसलात तर पानं वाटण्याआधी पाच मिनिटं काढा आणि एवढं विचारून घ्या. त्यांच्या पहिल्या बोलीवर डबल केलं तर तो टेकआऊट ना, आणि कोणत्या पातळीपर्यंत? ओव्हरकॉलला किती पानं आणि किती ताकद? उडी मारली तर ताकद की कमजोरी? आपण सुरुवात केली आणि त्यांनी मध्ये तोंड घातलं तर डबलचा अर्थ काय? आणि कोणत्या बोलीवर पास म्हणायचंच नाही?

उत्तरं कोणती ठरतात याने फारसा फरक पडत नाही. बोलीच्या ऐन धुमश्चक्रीत दोघांनी ती पाळली, की झालं.